तुळजाचं उत्तर बरोबर होतं

तंजावरहून परत येऊन आज तीन आठवडे झाले. भेटेल तो मला मोठ्या देवळाचं शिखर किती उंच आहे आणि सरस्वती महालात पोथ्या किती आहेत ते विचारतो. देऊळ मी दोनदा पाहिलं, पोथ्याही पाहिल्या, आणि दोन्हींबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ आहे. पण सांगायला बसले की माझ्या तोंडून पाच वर्षांच्या एका मुलीची हकिगत निघते आणि माझा आवाज चढतो. काल आई म्हणाली, "एकदाचं लिहून काढ, म्हणजे जेवताना तरी शांत बसशील." म्हणून लिहिते आहे.

मी पुण्याला मुलींच्या एका शाळेत बालवर्ग शिकवते. तंजावरच्या मराठी मंडळींनी आपल्या लहान मुलांसाठी मराठीचा वर्ग काढायचं ठरवलं आणि त्यात कोणती मुलं घ्यावीत हे तपासायला पुण्याची शिकलेली बाई मागवली. आमच्या मुख्याध्यापिकांच्या ओळखीनं ते पत्र माझ्याकडे आलं. नाताळच्या सुट्टीत मी निघाले. पेटीत लुगडी, मेतकुटाचा डबा आणि पुठ्ठ्यावर चिकटवलेली चाळीस रंगीत चित्रं. त्या चित्रांवर माझा फार भरवसा. मूल किती हुशार आहे ते मी पाव तासात सांगू शकते, असं मी मद्रासपर्यंत डब्यातल्या बायकांना ऐकवत आले होते.

राजवाड्याची पेठ

स्टेशनवर गोविंदराव वकील स्वतः आले होते. साठीचे गृहस्थ, खांद्यावर जरीकाठी उपरणं, कपाळावर रेखीव गंध. मला नमस्कार करून म्हणाले, "बाई, प्रवासाचा श्रम फार जाहला असेल. मार्गी उपाहार कांहीं घेतलांत कीं नाहीं?"

मला वाटलं, एखादं जुनं पत्र उघडून कुणी वाचून दाखवतंय. 'जाहला', 'मार्गी' हे शब्द मी कागदावर पाहिले होते, जिवंत माणसाच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. आणि ते येत होते तमिळ चालीवर, वाक्याच्या शेवटी जरासे उचललेले. मी हसू दाबलं. आज त्या दाबलेल्या हसण्याचाही मला राग येतो.

त्यांचं घर राजवाड्याच्या मागच्या गल्लीत. दारात तांदळाच्या पिठाची रांगोळी, तिला तिथं कोलम म्हणतात. गोविंदरावांच्या पत्नी अंबाबाईंनी मला पितळी पेल्यात कॉफी दिली. मी पेला ओठाला लावला आणि घरातल्या तिन्ही बायका एकदम गप्प झाल्या. तिकडे पेला उष्टा करत नाहीत, वरून धार धरून पितात. मग मीही वरून ओतायला गेले आणि अर्धी कॉफी लुगड्यावर. अंबाबाई पदराआड हसल्या, दुसरी कॉफी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "असूं द्या. तुम्ही वाटींत ओतून घ्या. आम्ही तिकडे आलों तर आम्हांसही तुमचें कांहीं येणार नाहीं."

जेवायला केळीच्या पानावर पातळ रस्सम, सांबार आणि कडेला एक पांढरी कोशिंबीर. तिला त्या पच्चडी म्हणत होत्या. चव घेतली तर आपलं डांगर! उडदाचं पीठ, दही, हिंग. पुण्यापासून इतक्या लांब आलेल्या लोकांनी हिंगाचं प्रमाणसुद्धा सांभाळलं होतं. मला भरून आलं, आणि जेवण झाल्यावर मी काय केलं? वही काढली, एका पानाच्या माथ्यावर 'अशुद्ध शब्द' असं लिहिलं आणि खाली पच्चडी, कोलम, तांबाळम्, पावाडै यांची यादी केली. तांबाळम् म्हणजे तबक आणि पावाडै म्हणजे मुलींचा परकर.

गोविंदरावांनी ते पान पाहिलं आणि मान हलवली. "खरें आहे. आमची भाषा मोडली, बाई. नातवंडें आपसांत तमिळच बोलतात. या गल्लींत देवनागरी वाचणारे आम्ही चौघे. हा वर्ग निघाला नाहीं तर आमच्या नांवापुढचा 'राव' तेवढा मराठी उरेल."

ते खोटं बोलत नव्हते. त्यांचे डोळे पाणावले होते. पुढं जे झालं त्याबद्दल मी त्यांच्यावर रागावले आहे, पण हे दुःख खरं होतं, एवढं आधीच लिहून ठेवते.

ओटीवरची परीक्षा

दुसऱ्या दिवशी सकाळी घराच्या ओटीवर वीस-बावीस मुलं जमली. बहुतेक वकील, कारकून, जमीनदारांच्या घरची, गोविंदरावांची नातवंडंही त्यांत, काजळ घालून, तेल चोपडून आणलेली. त्यांत शेवटी एक मुलगी होती, तुळजा. वडील शिंपी. राजांच्या काळात दरबारचे कपडे शिवायला त्यांचे पूर्वज आले, राज्य गेलं, आणि आता पेठेतल्या लोकांच्या बंड्या आणि पोलकी शिवून घर चालतं. तुळजाच्या अंगात रंगीबेरंगी चिंध्या जोडून शिवलेला परकर होता आणि तिचे डोळे माझ्या चित्रांवरून हलत नव्हते.

मी एकेका मुलाला बोलावून चित्र दाखवत होते. एका मुलानं 'हत्ती' म्हटलं. मी नेहमीच्या सवयीनं म्हटलं, "वा!" तर मागून तुळजा उठून माझ्यापाशी आली. मी तिला परत पाठवलं. पुढच्या मुलीला म्हटलं, "वा, वा!" पुन्हा ही हजर. तिसऱ्यांदा आली तेव्हा मी जरा दरडावलं आणि वहीत लिहिलं : एका जागी बसत नाही.

मग तिची पाळी आली. मी कुत्र्याचं चित्र धरलं. "हे काय आहे?"

"नाय," ती म्हणाली.

"नाही कसं? नीट बघ. काय आहे हे?"

"नाय!" या वेळी जरा जोरात.

मी कावळ्याचं चित्र धरलं.

"काका."

ओटीवरची मोठी मुलं फिसकन हसली. मी दुधाच्या भांड्याचं चित्र काढलं.

"पाल," ती हळूच म्हणाली.

दुधाच्या भांड्यात पाल! मी चित्र खाली ठेवलं. चौथं चित्र दाखवल्यावर तिनं तोंडच उघडलं नाही. माझ्या उजव्या हाताला गोविंदराव खुर्ची टाकून बसले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटून हलकेच मान हलवली, जशी एखाद्या दुखणाइतासमोर हलवतात. मी लिहिलं : भाषेचा बोध नाही. चित्र व नाव यांचा संबंध लागत नाही. बुद्धी मंद. वर्गात घेण्यास अयोग्य. खाली तारीख घातली, सही केली आणि वहीतलं ते पान फाडून गोविंदरावांना दिलं.

पाव तास लागला.

तिरुवैयारु

परीक्षा संपल्यावर बक्षीस म्हणून गोविंदरावांनी मला दुसऱ्या दिवशी बैलगाडीतून तिरुवैयारुला नेलं. वाटेत दोन्ही बाजूंना भाताची खाचरं आणि त्यांतून सरळ रेघेसारखे कालवे. आमच्या घाटावरच्या कोरड्या डोळ्यांना तो हिरवा रंग सोसेना. कावेरीच्या पायऱ्यांवर बायका धुणं धूत होत्या. मी पाय पाण्यात सोडले आणि माझी एक चप्पल वाहत गेली. ती एका कोळिणीनं पार पलीकडून पोहून आणून दिली. तिला माझं 'उपकार झाले' समजलं नाही आणि मला तिचं लांबलचक उत्तर समजलं नाही, पण आम्ही दोघी बराच वेळ हसत होतो.

तिथं गोविंदरावांच्या परिचयाचे एक गवई होते. त्यांच्या पडवीत पाच-सहा वर्षांच्या मुली गाणं शिकत बसल्या होत्या. गाण्याचे शब्द तेलुगू. गुरुजी समजावून सांगत होते तमिळमध्ये. गुरुजींची बायको आतून त्यांना मराठीत विचारत होती, भात आता टाकूं कीं थोड्या वेळानें. एक मुलगी एका शब्दावर अडखळली, तर गुरुजींनी तो शब्द तिच्या मांडीवर बोटांनी ताल देत तीनदा म्हटला, आणि तिला आला. तेलुगूचं एक अक्षर न समजणारी ती चिमुरडी मुलगी इतकी सुरेल गायली की गोविंदरावांनी उपरण्यानं डोळे पुसले.

"काय बुद्धी पाहा लेंकरांची!" ते म्हणाले.

मीही होकार दिला. तेव्हा माझ्या डोक्यात काहीच आलं नाही.

नगरपालिकेची शाळा

चौथ्या दिवशी मी माझी चित्रं घेऊन नगरपालिकेच्या मुलींच्या शाळेचा बालवर्ग पाहायला गेले; तिथं सुट्टी अजून लागली नव्हती. तिथल्या बाईंचं नाव ज्ञानम्माळ. चाळिशीच्या, ठेंगण्या, पांढरं पातळ नेसलेल्या. मला तमिळ येत नाही, त्यांना मराठी येत नाही. आम्ही इंग्रजीत बोललो, दोघींचंही मोडकंच. खाली त्यांचं बोलणं मी मराठीत देते आहे, पण त्यांचा चढलेला स्वर मला इथं उतरवता येणार नाही.

मी दारात उभी राहून नाव सांगितलं. त्यांनी खडू खाली ठेवला.

"पुण्याच्या बाई तुम्हीच का? माझ्या तुळजाला मतिमंद ठरवणाऱ्या?"

मी गोंधळले. त्या पुढं म्हणाल्या, "दसऱ्यापासून ती माझ्या वर्गात आहे. सगळ्यांत आधी तिला मोजता येऊ लागलं. परवापासून ती शाळेत आलेली नाही. तुमच्या परीक्षेनंतर."

मी जरा ताठ होऊन म्हटलं, "मी तिला पद्धतशीर तपासलं. तिला कुत्रा ओळखता आला नाही. 'नाही' म्हणत राहिली."

"काय म्हणाली? तिचाच शब्द सांगा."

"नाय."

ज्ञानम्माळनी माझ्या हातातली चित्रं ओढून घेतली, कुत्र्याचं चित्र शोधलं आणि वर्गापुढं धरलं. चाळीस मुली एका सुरात ओरडल्या, "नाय!"

कावळा. "काक्का!"

दूध. "पाल!"

माझे कान तापले. बाई थांबल्या नाहीत. कोपऱ्यात बसलेल्या एका मुलीकडे पाहून त्यांनी अगदी साध्या आवाजात म्हटलं, "वा." ती मुलगी उठली आणि त्यांच्यापाशी येऊन उभी राहिली. तमिळमध्ये 'वा' म्हणजे 'ये'. तीन वेळा मी त्या लेकराला जवळ बोलावलं होतं आणि तीन वेळा हाकलून दिलं होतं.

"आता सांगा," ज्ञानम्माळ म्हणाल्या, "मंद कोण?"

भिंतीवर बादशहाची तसबीर होती. इतक्यात घंटा झाली आणि मुली उभ्या राहून बादशहाचं इंग्रजी गाणं म्हणू लागल्या. त्यातला एक शब्द एकीलाही कळत नव्हता, आणि साहेबाच्या त्या गाण्यापायी कुणी त्यांना मंद ठरवलं नव्हतं. गाणं संपल्यावर बाईंनी मला हजेरीचं पुस्तक दाखवलं. तुळजाच्या नावापुढं 'मातृभाषा' या खान्यात त्यांनी दोन भाषा लिहिल्या होत्या : मराठी, तमिळ. वरच्या कचेरीतून कुणीतरी लाल शाईनं मराठी खोडून समासात शेरा टाकला होता : एकच लिहावी.

"सरकार म्हणतं एकच लिहा," बाई म्हणाल्या. "तुमचे वकीलसाहेब म्हणतात एकच बोला. त्या मुलीच्या डोक्यात दोन मावतात, याचा सगळ्यांना त्रास."

शिंप्याचं घर

आम्ही दोघी तशाच निघालो. दोन खोल्यांचं घर, पुढच्या खोलीत शिवणाचं यंत्र आणि दोरीवर टांगलेले अर्धे शिवलेले कपडे. तुळजाचे वडील गिऱ्हाइकाकडे माप घ्यायला गेले होते. आई चंद्राबाई कोळशाच्या इस्त्रीनं पोलकी इस्त्री करत होत्या. तुळजा भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिनं वळून पाहिलं. ओठ सुजले होते. ज्ञानम्माळनी तिची हनुवटी वर केली आणि तोंड उघडायला लावलं. जीभ लालभडक झाली होती, कडेला फोड.

परीक्षेच्या दिवशी संध्याकाळीच सगळ्या गल्लीत झालं होतं की पुण्याच्या बाईंनी शिंप्याची पोर मंद आहे असं कागदावर लिहून दिलं. घाबरून आईबापांनी वैदू आणला. जीभ सुटावी म्हणून त्यानं वेखंड आणि मिरी उगाळून तिच्या जिभेवर चोळलं. दोन दिवसांत तीनदा. मुलगी किंचाळत होती, आणि किंचाळते म्हणजे गुण येतो आहे, असं तो म्हणत होता.

तो वैदू अडाणी होता. त्याच्यावर रागावणं सोपं होतं, आणि मी रागावलेही. पण त्याला त्या घरात मी पाठवलं होतं, माझ्या सहीनं.

"चंद्राबाई, माझी चूक झाली," मी म्हटलं. "तुमच्या मुलीचं एकही उत्तर चुकलं नव्हतं. मलाच समजलं नाही. मला क्षमा करा."

त्यांनी इस्त्री उभी केली. रडल्या नाहीत. म्हणाल्या, "मज कशास सांगतां? मी परीक्षेस बसलें होतें काय? तिला सांगा."

मी तुळजाला सांगितलं. ती पुन्हा भिंतीकडे वळली. ज्ञानम्माळनी तिला मांडीवर घेतलं, तमिळमध्ये काहीतरी पुटपुटत राहिल्या आणि तिच्या ओठांना लोणी लावलं. माझ्याशी तुळजा बोलली नाही. तिनं का बोलावं?

गोविंदरावांशी बोलणं

घरी येताना मला एकाएकी आठवलं आणि मी रस्त्यातच थांबले. गोविंदराव ओटीवर माझ्या शेजारी बसले होते. तमिळ त्यांना मराठीपेक्षाही चांगलं येत होतं. कोर्टात ते तमिळ साक्षीदारांची उलटतपासणी घेत. तुळजानं दिलेलं प्रत्येक उत्तर त्यांना त्या क्षणी समजलं होतं.

ते हिशेबनीस समोर बसवून कागद बघत होते. मी हिशेबनिसाला बाहेर जायला सांगितलं. परक्या घरात मी असं कधी वागले नव्हते.

"नाय म्हणजे कुत्रा, हे तुम्हाला माहीत होतं?"

त्यांनी चष्मा काढला. "होतें."

"काक्का म्हणजे कावळा?"

"तेंही."

"मग मी मंद असं लिहीत होते तेव्हा तुम्ही गप्प कसे बसलात?"

"बाई, तुम्ही मराठीची परीक्षा घेत होतां. मराठींत तिचीं उत्तरें चुकलीं. मीं खोटें कांहीं सांगितलें नाहीं."

"तुम्ही काहीच सांगितलं नाही! तिच्या जिभेला फोड आले आहेत, माहीत आहे?"

ते क्षणभर गडबडले. "वैदूस मीं बोलाविलें नव्हतें." मग स्वर सावरून म्हणाले, "ऐका. शिंप्याचें पोर घेतलें तर उद्यां आचाऱ्याचें येईल, परवां रंगाऱ्याचें. त्या घरांत अर्धें बोलणें तमिळ. आमचीं मुलें जी थोडकी मराठी बोलतात तीही जाईल. तुम्ही पुण्याच्या. तुमच्या घरांत, बाजारांत, गाडींत मराठी. तुम्हांस हें भय समजणार नाहीं."

ते भय मला समजत होतं. म्हणूनच मला अधिक संताप आला. "गोविंदराव, काल तिरुवैयारुला तमिळ मुलीच्या तोंडचं तेलुगू ऐकून तुम्ही डोळे पुसलेत. लेकरांची बुद्धी पाहा म्हणालात. तुमच्या ओटीवर एक लेकरू घरात मराठी बोलतं, गल्लीत तमिळ बोलतं, राज्य जाऊन इतकी वर्षं झाली तरी नाव तुळजा सांगतं, आणि तुम्ही त्याला मंद ठरू दिलंत. कारण बाप शिंपी. मराठी राखायची आहे ना? मग ती ज्या घरात राहिली आहे त्या घरांना दार का लावता? आणि तुमची नातवंडं 'कुत्रा' म्हणाली ती कशी? आदल्या आठवड्यात पाठ करून घेतलं होतंत ना?"

दाराशी अंबाबाई उभ्या होत्या. पाठ करून घेतलं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं.

"तो कागद मला परत द्या. मी नवी यादी करते," मी म्हटलं.

"कागद दफ्तरांत गेला. कमिटीच्या मालकीचा आहे तो. नवी यादी नको. वर्ग तुमच्यावांचूनही चालेल, बाई."

दुसरी परीक्षा

त्यापुढचे चार दिवस मी रोज सकाळी शिंप्याच्या घरी गेले. वैदूचं येणं चंद्राबाईंनी स्वतःच बंद केलं होतं. पहिले दोन दिवस तुळजा माझ्याकडे पाठ करून बसली. मी कापडाच्या चिंध्या निवडून देत होते आणि चंद्राबाईंकडून रंगांची नावं शिकत होते. तिसऱ्या दिवशी ज्ञानम्माळ आल्या तेव्हा तुळजा त्यांच्या कानात काहीतरी बोलली. बोलू शकत होती तर! बाईंनी मला सांगितलं, "विचारते आहे, ही अजून का येते?"

चौथ्या दिवशी दुपारी अंबाबाई आल्या. भर उन्हात, गल्लीतून एकट्या चालत, शिंप्याच्या दारात. चंद्राबाई गडबडून उठल्या आणि बसायला द्यायला काही शोधू लागल्या. अंबाबाईंनी पदराखालून घडी केलेला कागद काढला.

"ह्यांच्या दफ्तरांतून आणला," त्या मला म्हणाल्या. "ह्यांना सांगूनच आणला. रागावले आहेत, रागावूं देत. तुमचा कागद आहे. तुम्हीच काय तें करा."

मी तो चंद्राबाईंच्या हातात दिला. त्यांनी उलटसुलट करून पाहिला. देवनागरी त्यांना वाचता येत नव्हती.

"वाचा," त्या म्हणाल्या.

"जाऊ द्या आता. मी फाडून टाकते."

"नाहीं. माझ्या लेंकीचें लिहिलें आहे. वाचा."

मग मला ते वाचावं लागलं. दोघी बायकांसमोर आणि तुळजासमोर. एका जागी बसत नाही. भाषेचा बोध नाही. बुद्धी मंद. अयोग्य. स्वतःच्या अक्षरातलं ते एकेक वाक्य मोठ्यानं म्हणताना माझी जीभ जड झाली. शेवटी माझं नावही वाचलं.

मग तुळजा भिंतीपासून वळली. माझ्याकडे नीट पाहिलं आणि आईला खणखणीत मराठीत म्हणाली, "अम्मा, ह्या बाईला कांहींच येत नाहीं!"

अंबाबाईंना हसू आवरेना. चंद्राबाई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या हातून कागद घेतला, इस्त्रीचं झाकण उघडलं, निखाऱ्यांवर तो ठेवला आणि झाकण लावलं. धूर निघाला. त्या धुरातच त्यांनी समोरचं पोलकं ओढलं आणि इस्त्री फिरवू लागल्या.

गोविंदरावांचा वर्ग निघाला. माझ्या यादीवाचून, अकरा मुलांचा. निघायच्या दिवशी ते स्टेशनवर आले नाहीत. अंबाबाई आल्या आणि ज्ञानम्माळ आल्या. परवा ज्ञानम्माळचं पत्र आलं : तुळजा शाळेत येते, आणि शनिवारी सकाळी अंबाबाई नगरपालिकेच्या शाळेत बसून मुलींना मराठीत गोष्टी सांगतात. तमिळ मुलीही ऐकतात. मातृभाषेच्या खान्यात बाईंनी पुन्हा दोन भाषा लिहिल्या आहेत. लाल शाई अजून यायची आहे.

पुणे

इथं हे लिखाण संपवता आलं असतं. तंजावरच्या वकिलाला चार शब्द सुनावून मी मोकळी झाले असते. पण शाळा उघडल्यावर मी कपाटातली माझी जुनी वर्गपुस्तकं काढली. सगळ्या वर्षांची. 'मंद', 'अबोल', 'भाषा समजत नाही' असे माझ्या अक्षरातले शेरे शोधले. मग त्यापुढची नावं वाचली. कामाठ्यांच्या मुली, पद्मशाली विणकरांच्या, एक बोहऱ्याची, दोन पारध्यांच्या. एकीच्याही घरी माझी मराठी नव्हती. यांतली एकही मुलगी दुसरीत गेली नव्हती, आणि त्या का गेल्या नाहीत हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

त्यांतली एक यल्लम्मा. पाच वर्षांपूर्वी माझ्या वर्गात होती. 'भाषा समजत नाही.' गेल्या रविवारी मी कामाठ्यांच्या वस्तीत तिचं घर विचारत गेले. ती घरी नव्हती. कोपऱ्यावर एक इमारत चालली होती तिथं चुना कालवत होती. दहा-अकरा वर्षांची. आईशी तेलुगूत बोलत होती, गवंड्याशी मराठीत भांडत होती, आणि मुकादमानं हाक मारली तशी त्याला हिंदुस्थानीत उलट उत्तर दिलं. मी उभी राहून ऐकत होते. या मुलीला भाषा समजत नाही, असं मी लिहिलं होतं!

तिनं मला ओळखलं. हात परकराला पुसले.

"यल्लम्मा, मी तुझ्याबद्दल चुकीचं लिहिलं होतं. शाळेत परत येशील?"

"आता कुठं, बाई," ती म्हणाली. रागानं नाही. तिनं घमेलं डोक्यावर चढवलं आणि चार पावलं गेली. मग थांबली. परात उलटी घालून तिच्यावर एक लहान मुलगी बसली होती, तिच्याकडे तिनं मान वळवली.

"ही धाकटी. हिला न्या. पण वहीत हिचं काही लिहू नका."